तेंदूपत्ता : वाळवण आणि ओलावा

विडीच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या तेंदूच्या पानांतील ओल राखण्याची प्रक्रिया. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत एप्रिल-मेमध्ये तोडणी होते. पानांचे पुडे बांधून ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, उन्हात मांडतात आणि दोन्ही बाजू वाळाव्यात म्हणून उलटवतात. ओल राहिली तर बुरशी धरते. फार वाळलेले पान हाताळताना मोडते. म्हणून पोती भरण्यापूर्वी पुड्यांवर पाणी शिंपडून पाने मऊ करतात. पाणी नेमके किती, हीच खरी कसोटी. ती अनुभवी हातांनाच साधते, आणि या कौशल्याची हवी तेवढी दखल घेतली गेलेली नाही. अवकाळी पावसाने वाळत घातलेला माल काळवंडतो. विडी वळण्याआधी पाने पुन्हा भिजवतात.