फुनिकुली, फुनिकुला : बँडसाठी वाद्ययोजना

नेपल्सच्या बोलीतील हे इटालियन गीत लोकगीताच्या ढंगाचे असले, तरी लोकगीत नव्हे. व्हेसूव्हिअस ज्वालामुखीवर चढणाऱ्या केबल-रेल्वेच्या १८८० मधील उद्‌घाटनानिमित्त पेप्पिनो तुर्को यांनी ते लिहिले व लुइजी देंत्सा (१८४६–१९२२) यांनी स्वरबद्ध केले. रिखार्ट श्ट्राउस यांनी ते लोकगीत समजून ‘आउस इटालीएन’ (१८८६) या रचनेच्या शेवटच्या भागात वापरले.

सुषिरवाद्यांच्या बँडसाठी गीताची मांडणी करताना खरी कसोटी तालाची असते. गीत सहा-आठ मात्रामानाचे असून मापात दोनच ठोके जाणवतात. ट्यूबा हे ठोके धरतो, मधल्या मात्रा हॉर्न भरतात. ही साथ जड झाली, की गाण्यातली चढाईची ऊर्मी हरपते. वाद्यवृंदातील व्हायोलिनचे काम इथे क्लॅरिनेटांकडे येते. एकल गायकाची ओळ युफोनियमला द्यावी. त्याचा गोलसर, उबदार नाद पुरुषी आवाजाच्या सर्वांत जवळचा. इटालियन बँडमध्ये ऑपेराच्या गायकांच्या ओळी याच कुळातील वाद्ये वाजवत आली आहेत. समूहाने गायचे धृपद ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसाठी राखावे. ही वाद्ये आधीच वाजली, तर धृपदाचा उठाव जातो. पट्टी निवडताना बी-फ्लॅट व ई-फ्लॅट वाद्यांची सोय पाहतात. वादकांना श्वास घ्यावा लागतो, म्हणून लांब ओळी दोन गटांत वाटतात. शब्द नसल्याने प्रत्येक कडवे वेगळ्या वाद्यरंगात येणे आवश्यक ठरते.