दोघी बहिणी आणि येऊ घातलेला दुष्काळ

जतमध्ये दुष्काळावर बोलायचं म्हणजे जाणत्यांपुढेच बोलायचं. मृग कोरडा गेला की घरातलं बोलणं कमी होतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. आज आपण तेवढाच भाग पाहणार आहोत: संकट पूर्ण कोसळण्याआधी घरात काय घडतं. सरकारी दप्तरात पाऊस, धान्याचे भाव, मृत्यू यांचे आकडे मिळतात. मनाची नोंद क्वचितच सापडते.

अशी एक नोंद पंडिता रमाबाईंनी करून ठेवली आहे. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. अनंतशास्त्री डोंगरे, लक्ष्मीबाई, मुलगा श्रीनिवास, थोरली कृष्णाबाई आणि धाकटी रमाबाई असं हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरायचं. दागिने विकले, भांडी विकली, कपडेही विकले. कष्टाच्या कामाची हातांना सवय नव्हती, आणि मजुरी म्हणजे घराण्याला कमीपणा! शेवटी वडिलांनी तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन. आणि वडिलांनी तो बेत सोडला.

इथे जरा थांबू या. घरात अजून दाणाही आला नव्हता. बदलला तो फक्त उद्याचा विचार. म्हणजे निराशा हे नुसतं मोठं दुःख नव्हे. आता करण्यासारखं काहीच उरलं नाही, असा मनाने दिलेला तो निवाडा असतो.

१८७४मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई. काही महिन्यांनी कृष्णाबाई पटकीने गेल्या. लहानपणी झालेलं त्यांचं लग्नही सुखाचं ठरलं नव्हतं. आजच्या वैद्यकातलं एखादं नाव त्यांना चिकटवायची घाई आपण करू नये. पण बाहेर दुष्काळ आणि आत संसाराचं ओझं, ही दुहेरी कोंडी आपल्याला ओळखता येते. धाकटी मात्र तगली. १८९६-९७च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली, निराधार मुलींना घेऊन आली, आणि केडगावला त्यांचं घर उभं राहिलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५मध्ये तासगाव तालुक्यात झाला, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने. १९७२च्या दुष्काळाने तिची गरज राज्याला पटली, आणि १९७७मध्ये कायदा झाला. हमी या शब्दाकडे नीट बघा. मजुरी पोटाला लागते, हमी मनाला. श्रीनिवासचा शब्द एका घरापुरता होता, कायद्याने तो सगळ्यांना दिला.

तरीही एक उणीव राहतेच. एरवी बाईला बहिणीचा आधार असतो. पण एकाच तालुक्यात दिलेल्या बहिणींच्या विहिरी एकाच महिन्यात आटतात. सासरी ताण, माहेरी ताण, मग तिने जायचं कुठे? ती गप्प होते, जेवण टाकते, आणि आपण म्हणतो, स्वभावच तसा आहे.

टंचाईच्या बैठकीत आपण चारा मोजतो, टँकर मोजतो, मोजायलाच हवेत. त्याच बैठकीत एवढंही विचारू या: आपल्या वाडीवस्तीवर हल्ली कोण बोलेनाशी झाली आहे? आणि तिच्याकडे आज कोण जाणार आहे?