१ नोव्हेंबर : नागपूरच्या सरकारी नोकराच्या दोन तारखा

नागपूरच्या सरकारी नोकराच्या इतिहासात १ नोव्हेंबर ही तारीख दोनदा महत्त्वाची ठरली, आणि दोन्ही वेळा ती दिवाळीच्या दिवसांत आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इथला कारकून जुन्या मध्यप्रदेशाचा राहिला नाही, द्वैभाषिक मुंबई राज्याचा झाला. १ नोव्हेंबर २००५ रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, महाराष्ट्रात त्या दिवसापासून नोकरीला लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. पहिल्या वेळी राज्य बदलले, पण पेन्शन टिकली. दुसऱ्या वेळी राज्य तेच राहिले आणि पेन्शन गेली. हे कसे घडले, ते कायद्याच्या कागदांतून पाहता येते.

मेहेरबानीचा काळ

तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राजघराण्याच्या वाट्याला पेन्शन आली. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले आणि सरकारी नोकरांचे शहर आकाराला येऊ लागले.

१८७१ साली पेन्शनचा कायदा झाला. इंग्रज सरकारने किंवा आधीच्या कोणत्याही सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी कोर्टात थेट दावा लावता येणार नाही, असे त्याचे चौथे कलम सांगते. तक्रार न्यायची ती कलेक्टर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच दारात ते मांडायचे. पुढे नोकरांच्या सेवानियमांतही एक अट आली : निवृत्तीनंतरची चांगली वर्तणूक ही प्रत्येक पेन्शनची गृहीत धरलेली शर्त आहे. ‘पेन्शनीत निघालेला’ माणूसही अशा रीतीने मरेपर्यंत सरकारच्या मर्जीत राहायला बांधलेला होता.

राज्य गेले, सेवापुस्तक राहिले

राज्य पुनर्रचना कायद्याने विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. जवळजवळ शतकभराची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरचे हायकोर्ट मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ झाले. नोकरांचीही वाटणी झाली. मुंबई राज्यातल्या पदांची नावेच निराळी होती. इकडे तहसीलदार, तिकडे मामलेदार. इकडे नायब तहसीलदार, तिकडे अव्वल कारकून. इकडे जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर, तिकडे कलेक्टर. इकडचे कोणते पद तिकडच्या कोणत्या पदाच्या बरोबरीचे, यावर माणसाची ज्येष्ठता आणि पुढची बढती अवलंबून होती.

त्यासाठी मे १९५६ मध्ये मुख्य सचिवांच्या बैठकीत चार कसोट्या ठरल्या : कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकार, किमान पात्रता आणि पगार. त्याहून मोठा आधार कायद्याच्या ११५व्या कलमात होता. वाटणीपूर्वीच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय नोकराच्या तोट्याच्या दिशेने बदलता येणार नाहीत, असे त्यात लिहिले होते. गाऱ्हाणी ऐकण्यासाठी सल्लागार समित्यांचीही तरतूद होती.

मे १९५७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून या संरक्षणाची मर्यादा आखली. पगार, रजा, पेन्शन यांसारख्या गोष्टींना कवच मिळाले. प्रवासभत्ता, शिस्त, अपील आणि खात्यांतर्गत बढती त्यातून वगळली गेली. बढतीचे हे दुखणे पुढे दीर्घकाळ चालले. मध्यप्रदेशातून आलेल्या विक्रीकर खात्यातल्या नोकरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बढतीची नुसती संधी ही सेवाशर्त नव्हे, असा निकाल १९८१ साली लागला. वाटणीला तोवर पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

पेन्शन मात्र वाचली. जे आधी कागदावर आले होते ते टिकले, जे आले नव्हते त्यासाठी पाव शतक भांडावे लागले.

हक्काची व्याख्या

पेन्शन ही बक्षिसी नाही, हे न्यायालयाने स्पष्टपणे मान्य करायला १९७१ साल उजाडले. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पेन्शन हा हक्क आणि मालमत्ता असल्याचे ठरवले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल आला. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना कमी आणि नंतरच्यांना जास्त, ही केंद्राची विभागणी न्यायालयाने मनमानी ठरवली. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राचे निवृत्तिवेतन नियमही १९८२ सालचेच.

दुसरी तारीख

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने हे नियम दुसऱ्या दिवसापासून लागणाऱ्यांना बंद झाले. त्यांच्यासाठी अंशदान योजना आली : मूळ पगार व महागाई भत्त्याच्या दहा टक्के नोकराचे, तेवढेच सरकारचे. हाती किती येणार, ते बाजारावर सोडले गेले.

इथे नकारा निकालाचा आधार सहज मिळत नाही. तो निकाल निवृत्त झालेल्यांना विभागणाऱ्या तारखेबद्दल होता. २००५ ची तारीख नोकरीत यायच्या असलेल्यांना लागली. १९५६ च्या नोकराच्या पाठीशी ११५वे कलम होते, कारण तो नोकरीत होता आणि त्याच्या शर्ती लिहिलेल्या होत्या. २००५ नंतरचा नोकर निर्णयाच्या दिवशी नोकरच नव्हता. त्याच्या वतीने बोलणार कोण? हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या रस्त्यांवर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा ऐकू येऊ लागली ती यामुळे. मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवसांचा संप झाला.

या रेषेवर अडकलेला एक वर्ग होता. जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, रुजू होणे मात्र नंतरचे. भरतीला लागलेला वेळ सरकारचा, तोटा उमेदवाराचा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने अशांना जुनी पेन्शन निवडण्याची एकवेळची संधी मिळाली. सारे जाहिरातीच्या तारखेवर ठरले. ज्यांची जाहिरातही नंतरची, त्यांचा प्रश्न वेगळ्या वाटेने चालला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेच्या धर्तीवर राज्याच्या मंत्रिमंडळानेही निर्णय घेतला.

नागपुरात अनेक घरांत आजोबांच्या सेवापुस्तकाची प्रत, नेमणुकीचा हुकूम, ज्येष्ठतायादीविरुद्ध केलेल्या अर्जाची पोच असे कागद लोखंडी पेटीत पडून असतात. दिवाळीच्या साफसफाईत तेच आधी रद्दीत जातात. ते निदान एकदा वाचून पाहावेत. १९५६ च्या वाटणीत माणसे कशी मोजली गेली, याचा पुरावा सरकारी दप्तराइतकाच त्या पेट्यांतही आहे.