मोठे भोक वर का?

श्रोतेहो, पेण तालुक्यातल्या गडबसारख्या गावी नवे घर उभे राहिले की भिंतीवर तीन भोकांचे सॉकेट बसते. दोन भोके बारीक, एक मोठे. मोठे वर ठेवायचे की खाली? उत्तर एका शब्दाचे आहे : वर. पण ते का, हे पाहायला थोडे मागे गेले पाहिजे.

वीज या मुलखाला परकी नव्हे. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातले भिऱ्याचे १९२७ साली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधले, तेव्हा जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांसह सत्याग्रह केला. वीज मात्र गेली ती मुंबईच्या गिरण्यांकडे! खेडोपाडी तारा नेण्याचे मोठे काम पुढे १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाकडे आले.

तारांबरोबर सॉकेटही आले, ते विलायती वळणाचे. गोल पिनांचे हे माप १९३४ च्या ब्रिटिश मानकातले. गंमत अशी, की आपण स्वतंत्र झालो त्याच १९४७ साली इंग्लंडने चौकोनी पिनांचे नवे मानक काढले. आपण गोल पिनाच ठेवल्या. पाच आणि पंधरा अँपिअरचे पुढे सहा आणि सोळा झाले, एवढेच.

सॉकेटकडे तोंड करून उभे राहा. वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. अर्थची पिन जाड आणि लांब असते, म्हणून ती आधी टेकते आणि शेवटी सुटते. इस्त्रीच्या आत तार उघडी पडून पत्र्याला लागली, तर वीज त्या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. प्लग अर्धवट सुटला नि वरून एखादी धातूची वस्तू पडली, तरी ती आधी अर्थच्या पिनेला लागावी, असेही वर ठेवण्याचे कारण सांगतात. अमेरिकेत मात्र घरोघरी ही पिन बहुधा खालीच दिसते.

मग उलटे बसवले तर? तारा ज्या त्या खुणेच्या जागी असतील, तर तेवढ्याने काही जळत नाही. धोका वेगळाच आहे. वायरमन मागची अक्षरे न पाहता सवयीने 'उजवी फेज' जोडतो, आणि उलट्या सॉकेटात ती न्यूट्रलच्या भोकात जाते. मग उपकरणावरचे बटण बंद केले तरी आतली तार जिवंतच राहते.

आणि शिक्षकहो, मुलांना एक जरूर विचारा : मोठ्या भोकामागे तार आहे का? पुष्कळ घरांत भोक वर असते, मागे काहीच नसते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा नि मीठ घालतात. आपल्या खारपट्टीत मीठ जमिनीतच आहे, ओलही आहे; पण तेच मीठ लोखंडी पाइप खाते. म्हणून खड्ड्यावरचा सांधा दर उन्हाळ्यात जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावा, आणि पावसाळ्यापूर्वीच.