जॉन्सनमुळे केनेडी जिंकले का? 'अमक्यामुळे तमकं झालं' हे तपासायचं कसं

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपला रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, जाहीर केला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: हा माणूस आपलं राज्य मिळवून देईल का? आणि 'देतो की!' असं म्हणणाऱ्यांचं उदाहरणही ठरलेलं असतं. १९६०. जॉन केनेडींनी लिंडन जॉन्सनना सोबत घेतलं, जॉन्सननी टेक्सास मिळवून दिलं आणि टेक्सासमुळे केनेडी जिंकले.

संशोधनाची तयारी करताना हे उदाहरण एकदा नीट उलगडून बघा. कारण तुमच्या प्रबंधातही 'अमक्यामुळे तमकं झालं' अशी वाक्यं येणारच आहेत, आणि मार्गदर्शक किंवा परीक्षक बोट ठेवतात ते नेमकं त्या 'मुळे'वर.

आधी गोष्ट काय आहे ते बघू

केनेडी ४३ वर्षांचे, उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सचे, आणि धर्माने कॅथलिक. तोवर एकही कॅथलिक माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झाला नव्हता. दक्षिणेत प्रोटेस्टंट मतदार बहुसंख्य. जॉन्सन टेक्सासचे, १९५५ पासून सेनेटमधले डेमोक्रॅटिक बहुमताचे नेते. जुलै १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात ते उमेदवारीसाठी केनेडींच्याच विरोधात उभे होते. ते हरले, आणि केनेडींनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी विचारलं.

टेक्सास हे डेमोक्रॅटिक पक्षाचं जुनं घर. पण १९५२ आणि १९५६ या दोन्ही निवडणुकांत ते रिपब्लिकन आयझेनहॉवर यांच्याकडे गेलं होतं. १९६० मध्ये ते परत आलं. केनेडी तिथे ४६,२५७ मतांनी जिंकले. देशभरात त्यांच्यात आणि निक्सन यांच्यात नेहमीच्या मोजणीनुसार सव्वा लाखाहूनही कमी मतांचा फरक होता. इतकी चुरस, आणि वर जॉन्सन टेक्सासचे. त्यामुळे निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो.

पण इथे एका वाक्यात दोन दावे आहेत. पहिला: जॉन्सनमुळे टेक्सास मिळालं. दुसरा: टेक्सासमुळे अध्यक्षपद मिळालं. दोन्हींचे पुरावे वेगळे, तेव्हा दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत. दुसरा सोपा आहे, म्हणून तो आधी घेऊ.

दुसरा दावा: नुसती वजाबाकी करा

अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो इलेक्टोरल मतांवर. प्रत्येक राज्याला ठरावीक मतं, आणि बहुतेक ठिकाणी जो पुढे त्याला ती सगळी. १९६० मध्ये एकूण ५३७ मतं होती, बहुमताला २६९ लागत. केनेडींना मिळाली ३०३, निक्सनना २१९, आणि १५ मतं दक्षिणेतले सेनेटर हॅरी बर्ड यांना गेली. टेक्सासची मतं २४.

आता ३०३ मधून २४ काढा. उरतात २७९. म्हणजे टेक्सास गेलं असतं तरी केनेडीच अध्यक्ष झाले असते!

ही वजाबाकी करायला ना ग्रंथालय लागतं, ना सॉफ्टवेअर. तरी टेक्सासच्या गोष्टीत ती क्वचितच केलेली दिसते. 'जॉन्सन निर्णायक ठरले' असं म्हणायचं असेल, तर त्यांनी टेक्सासखेरीज निदान आणखी ११ इलेक्टोरल मतं राखली असं दाखवावं लागेल. उदाहरणार्थ नॉर्थ कॅरोलायनाची १४ किंवा जॉर्जियाची १२. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना दोन्ही निक्सनकडे गेली असती, तर केनेडी २६५, निक्सन २५७, बर्ड १५. बहुमत कुणालाच नाही, आणि निर्णय प्रतिनिधीगृहात.

म्हणजे दावा टेक्सासचा उरत नाही, अख्ख्या दक्षिणेचा होतो. तो चुकीचाच आहे असं नाही. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन खास रेल्वेगाडीने व्हर्जिनियापासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत गावोगाव थांबत, भाषणं करत गेले होते. पण मग पुरावाही दक्षिणेतल्या राज्याराज्यांतून आणायला हवा. आणि ज्या व्हर्जिनियातून गाडी गेली, ते राज्य निक्सननी जिंकलं, हेही सांगायला हवं.

पहिला दावा: तुलना कुणाशी?

आता अवघड भाग. जॉन्सन नसते तर टेक्सासमध्ये केनेडींना किती मतं पडली असती? ती निवडणूक झालेलीच नाही. त्यामुळे तिच्या जागी ठेवायला काहीतरी शोधावं लागतं. इथे खरी मेख आहे, कारण काय शोधता त्यावर उत्तर ठरतं.

१९५६ ते १९६० मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या मतांची टक्केवारी अशी बदलली:

टेक्सास: ४४.० वरून ५०.५ (६.५ ने वाढ)
संपूर्ण देश: ४२.० वरून ४९.७ (७.७ ने वाढ)
ओक्लाहोमा: ४४.९ वरून ४१.० (३.९ ने घट)
आर्कान्सा: ५२.५ वरून ५०.२ (२.३ ने घट)
लुइझियाना: ३९.५ वरून ५०.४ (१०.९ ने वाढ)

तुम्ही देशाशी तुलना केलीत, तर टेक्सासमधली वाढ देशापेक्षा कमीच आहे. जॉन्सननी काहीच आणलं नाही, असं उत्तर येईल. शेजारच्या ओक्लाहोमाशी केलीत, तर टेक्सास तब्बल १०.४ ने पुढे. जॉन्सननी चमत्कार केला, असं वाटेल. लुइझियानाशी केलीत, तर टेक्सास ४.४ ने मागे.

आकडे तेच, निवडणूक तीच, आणि उत्तरं तीन. यातलं कुठलंही एक उचलून कुणी लेख लिहिला तर तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. म्हणूनच तुलनेची निवड का केली, हे लिहिणं सक्तीचं आहे.

चला, कारणं बघू. लुइझियानाच्या दक्षिण भागात कॅथलिक लोकसंख्या मोठी आहे, त्यामुळे केनेडींचा धर्म तिथे फायद्याचा ठरला. ओक्लाहोमा प्रामुख्याने प्रोटेस्टंट, तिथे तोच धर्म आड आला. मग टेक्सास कुणासारखं? उत्तर आणि मध्य टेक्सास बरंचसं ओक्लाहोमासारखं. पण दक्षिण टेक्सासमध्ये मेक्सिकन वंशाचे कॅथलिक मतदार मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्यात 'व्हिवा केनेडी' नावाच्या मंडळांनी जोरात प्रचार केला होता. ती मतं केनेडींची की जॉन्सनची? सबंध राज्याचा एकच आकडा हे सांगू शकत नाही. त्यासाठी काउंटीनिहाय आकड्यांत उतरावं लागतं.

आणखी एक गुंता. १९५६ ची पातळी मुळात 'नेहमीची' होती का? आयझेनहॉवर हे महायुद्धातले लोकप्रिय सेनापती, आणि जन्माने टेक्सासचेच, डेनिसन गावचे. शिवाय टेक्सासचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर ॲलन शिव्हर्स यांनी १९५२ आणि १९५६ मध्ये स्वतःच्या पक्षाला सोडून त्यांना पाठिंबा दिला होता. १९६० मध्ये आयझेनहॉवर उमेदवारच नव्हते. म्हणजे टेक्सास परत येण्यातला काही वाटा, जॉन्सन असोत वा नसोत, घडणारच होता.

एकाच दिवशीचे दोन निकाल

टेक्सासमध्ये एक पुरावा मात्र असा आहे की तो बघून संशोधकाला आनंदच व्हावा. जॉन्सन त्या दिवशी दोन पदांसाठी उभे होते. राज्याने १९५९ मध्ये कायदा बदलून त्यांना उपाध्यक्षपदाबरोबर सेनेटचीही निवडणूक लढवायची मुभा दिली होती. सेनेटसाठी त्यांना सुमारे ५८ टक्के मतं पडली. केनेडी-जॉन्सन तिकिटाला त्याच दिवशी, त्याच राज्यात ५०.५ टक्के.

यातून काय दिसतं? जॉन्सन टेक्सासमध्ये लोकप्रिय होते, पण ती लोकप्रियता सगळीच्या सगळी तिकिटावर उतरली नाही. त्यांना सेनेटवर पाठवणाऱ्या बऱ्याच मतदारांनी त्यांना उपाध्यक्ष करायला नकार दिला, कारण वर नाव केनेडींचं होतं. इतकं म्हणता येतं. पण ते नसते तर तिकीट ४५ वर आलं असतं की ४९ वर, हे यातूनही कळत नाही.

हरलेल्यांनाही मोजा

आता जरा मागे, १९५६ मध्ये जाऊ. तेव्हा डेमोक्रॅटिक रनिंग मेट होते टेनेसीचे सेनेटर एस्टेस केफॉव्हर. पक्ष टेनेसीत सहा हजारांहून कमी मतांनी हरला. म्हणून केफॉव्हर कुणाला आठवत नाहीत. पण बघा: १९५२ ते १९५६ मध्ये देशभरात डेमोक्रॅटिक मतं २.३ ने घसरली, टेनेसीत फक्त १.१ ने. केफॉव्हर यांनी थोडी मतं राखलीही असतील, ती पुरली नाहीत इतकंच. प्रभाव असणं आणि राज्य जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिंकलेलीच उदाहरणं गोळा केली तर आपल्याला हा फरक दिसतच नाही.

म्हणूनच राज्यशास्त्रज्ञ सगळी उदाहरणं एकत्र घेऊन सरासरी काढतात. डडली आणि रॅपोपोर्ट यांच्या १९८९ च्या अभ्यासात रनिंग मेटच्या स्वतःच्या राज्यातला सरासरी फायदा जेमतेम ०.३ निघाला. हीरसिंक आणि पीटरसन यांनी २०१६ मध्ये वेगळी पद्धत वापरली: अनेक राज्यांचं योग्य प्रमाणात मिश्रण करून एक 'कृत्रिम' तुलना-राज्य बनवायचं. त्यांना फायदा २.७ च्या आसपास दिसला. डिव्हाइन आणि कोपको यांनी याच विषयावर पुस्तकं लिहिली, आणि त्यांचा कल 'सर्वसाधारणपणे फारसा फायदा नाही' या बाजूला आहे. इथेही मतभेदाचं मूळ बरंचसं तुलनेच्या निवडीतच आहे. आणि सरासरी कितीही अचूक असली तरी ती एकट्या टेक्सासबद्दल निकाल देत नाही.

आठवणींचं काय?

'पण त्या वेळच्या लोकांनी सांगितलंय ना!' हा आक्षेप येईल. सांगितलंय खरं. मात्र कुणी, आणि कधी? बऱ्याच मुलाखती आणि आठवणी नोव्हेंबर १९६३ नंतरच्या आहेत, म्हणजे केनेडींची हत्या होऊन जॉन्सन अध्यक्ष झाल्यानंतरच्या. जॉन्सनच्या बाजूच्यांना ते अपरिहार्य होते हे सांगायचं होतं. रॉबर्ट केनेडींच्या जवळच्यांना ती निवड जवळजवळ अपघाताने झाली हे सांगायचं होतं. या आठवणी फेकून देऊ नका. लोकांना ती निवड कशी दाखवायची होती यासाठी त्या उत्तम साधन आहेत. मतदाराने काय केलं यासाठी मात्र कच्च्या.

मग मी काय लिहीन?

टेक्सासमध्ये एकूण २३ लाखांच्या आसपास मतं पडली. निकाल उलटायला साधारण २३ हजार मतदारांनी केनेडींऐवजी निक्सनना मत द्यायला हवं होतं. म्हणजे शंभरात एक. जॉन्सननी शंभरात एक मतदार धरून ठेवला असेल, हे मला सहज पटतं. त्यामुळे 'जॉन्सन नसते तर टेक्सास बहुधा गेलं असतं' हे मी लिहीन, 'बहुधा' ठेवून. 'जॉन्सनमुळे केनेडी अध्यक्ष झाले' हे टेक्सासच्या जोरावर लिहिणार नाही, कारण वजाबाकी ते होऊ देत नाही.

हा फरक किरकोळ नाही. राज्य मिळवून देण्याच्या आशेने निवडलेला माणूस तीन वर्षांत राष्ट्राध्यक्ष झाला. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्याच्या सहीने आला, आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्य मोठ्या प्रमाणावर उतरलं तेही त्याच्याच काळात. त्या निवडीचे हे परिणाम कागदोपत्री आहेत. तरी अजूनही चर्चा फिरते ती २४ मतांभोवती, जी नसती तरी केनेडी जिंकलेच असते.

तुमच्या विषयात, मग तो अमेरिकेचा असो की आपल्या एखाद्या जिल्हा परिषदेचा, 'मुळे' लिहिण्याआधी चार गोष्टी कागदावर मांडा. दावा एकच आहे की दोन? ते कारण काढून टाकलं तर निकाल खरंच बदलतो का? तुलनेला काय घेतलं, आणि दुसरं घेतलं तर उत्तर टिकतं का? आणि जिथे तेच कारण असूनही निकाल उलटा लागला, ती उदाहरणं मोजली का? चौथ्या प्रश्नाला वेळ सगळ्यात जास्त लागतो. तो आराखड्यात आधीच धरून ठेवा.