मुखपृष्ठ पाहून पुस्तक निवडणं खरंच चुकीचं आहे का?

पुस्तकाचं पहिलं वाक्य वाचण्याआधीच आपण त्याच्याबद्दल बरंच काही ठरवून टाकलेलं असतं. मुखपृष्ठावरचं चित्र, अक्षरांचं वळण, जाडी, कागद, लेखकाचं नाव किती मोठं छापलंय, या सगळ्यावरून हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही याचा अंदाज काही सेकंदांत बांधला जातो.

‘दिसण्यावर जाऊ नये’ हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो. पण पुस्तकाच्या दिसण्यात काही खरी माहिती असते आणि काही निव्वळ भूल असते. या दोन्हींतला फरक कळला, तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

आपण दिसण्याला एवढे का भुलतो?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये एक गोष्ट मांडली. लष्करातले अधिकारी ज्या सैनिकाला देहयष्टीसाठी चांगले गुण देत होते, त्यालाच बुद्धी आणि नेतृत्वासाठीही चांगले गुण देत होते. एक गुण आवडला की बाकीचेही चांगलेच असणार, असं आपण धरून चालतो. याला ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात.

पुस्तकाच्या बाबतीतही तेच होतं. छपाई देखणी असेल, तर लेखनही चांगलं असेल असं वाटतं. धुरकट छपाई आणि पातळ कागद दिसला की चांगल्या लेखकाबद्दलही शंका येते.

रंग पाहून प्रकार ओळखा

मुखपृष्ठाचं पहिलं काम म्हणजे पुस्तक कोणत्या जातीचं आहे हे सांगणं. इंग्लंडमध्ये १९३५ साली ॲलन लेन यांनी पेंग्विनची स्वस्त पुस्तकं सुरू केली. त्यांच्यावर चित्र जवळपास नव्हतंच. नारिंगी पट्टे म्हणजे कादंबरी, हिरवे म्हणजे गुन्हेकथा, निळे म्हणजे चरित्र. वाचक लांबूनच ओळखायचा.

मराठीत हेच काम चित्रकारांनी केलं. त्यातलं एक ठळक उदाहरण म्हणजे बाबूराव अर्नाळकर. त्यांचं मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. ज्या नावाने ते घराघरांत पोहोचले, त्यात विरारजवळच्या अर्नाळ्याचं नाव आहे. झुंजार, काळा पहाड, धनंजय अशा नायकांच्या हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. छोटा आकार, कमी किंमत आणि मुखपृष्ठावर भडक रंगांतलं नाट्यमय चित्र! रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकाराने ही दुनिया रंगवली. असं पुस्तक हातात घेतलं की आत काय मिळणार, हे वेगळं सांगावं लागत नसे.

दुसरीकडे दीनानाथ दलाल होते. गोव्यात जन्मलेल्या दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ हा वार्षिक अंक काढला आणि असंख्य साहित्यकृतींची मुखपृष्ठं केली. चांगला चित्रकार मिळणं ही लेखकासाठी प्रतिष्ठेची गोष्ट झाली. कमल शेडगे यांनी तर नाटकांच्या जाहिरातींत फक्त अक्षरांच्या वळणातून दाखवून दिलं, की चित्र नसतानाही शीर्षकातून नाटकाचा स्वभाव कळू शकतो.

दिवाळी अंकांनी एक पाऊल पुढे टाकलं. मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ १९५१ मध्ये सुरू झाला आणि त्यातल्या खिडकीचित्रांसाठी ओळखला जाऊ लागला. कापलेल्या खिडकीतून एक दिसायचं, पान उलटलं की भलतंच निघायचं. इथे कागदाचा आकारच विनोद करत होता.

मजकूर तोच, मग पोथीच का हवी?

दिसणं म्हणजे फक्त मुखपृष्ठ नाही, हे समजून घ्यायचं तर पोथीकडे पाहा. ‘गुरुचरित्र’ किंवा ‘शिवलीलामृत’ साध्या पुस्तकाच्या रूपातही मिळतं. तरीही पारायणासाठी अनेकांना आडव्या आकाराची, ठळक अक्षरांची, सुट्या पानांची पोथीच लागते.

यामागे श्रद्धा आहे, तशी सोयही आहे. समोर चौरंगावर किंवा पाटावर ठेवलेली पोथी हाताने दाबून धरावी लागत नाही. अक्षर मोठं असल्याने तासन् तास मोठ्याने वाचता येतं. म्हणजे वाचक आकार निवडतो तेव्हा पुस्तक कुठे, कसं आणि किती वेळ वाचायचं हेही निवडत असतो.

लोकलमध्ये कोणतं पुस्तक चालतं?

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. सीट मिळाली तर वाचनाला भरपूर वेळ, नाही मिळाली तर एक हात वरच्या कडीला. अशा वेळी सातशे पानांची, जाड पुठ्ठ्याची कादंबरी कितीही गाजलेली असली तरी ती घरीच राहते. एका हातात मावणारं, पान पटकन उलटता येणारं, डब्याच्या पिशवीत जाणारं पुस्तक मात्र वाचून संपतं.

इथे मुखपृष्ठापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: वजन, बांधणी आणि टाइप. फक्त डिंकाने चिकटवलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, जोर लावला तर पानं सुटतात. शिलाईचं पुस्तक जास्त टिकतं. हलत्या डब्यात बारीक टाइप आणि चिकटून बसलेल्या ओळी डोळ्यांना त्रास देतात. देवनागरीत वर-खाली मात्रा आणि उकार असल्याने ओळींमध्ये पुरेशी जागा लागतेच.

आणि मुखपृष्ठच काढून टाकलं तर?

अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक टिकावं म्हणून त्याला पुन्हा जाड बांधणी केली जाते. मूळ मुखपृष्ठ आत जातं किंवा दिसेनासंच होतं. कण्यावर उरतं फक्त नाव आणि नंबर.

मग वाचक वेगळ्या खुणा शोधतो. पानांचे कोपरे मळलेत का? शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत तारखांचे शिक्के किती? ग्रंथपाल काय म्हणतात? इथे दिसण्यावरूनच निवड होते, पण ते रूप प्रकाशकाने दिलेलं नसतं. आधीच्या वाचकांनी ते तयार केलेलं असतं.

मोबाइलवर गणित बदललं

ऑनलाइन खरेदीत मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. बारीक रेषांचं सुंदर चित्र तिथे हरवतं आणि मोठी अक्षरं, गडद रंग जिंकतात. त्याच वेळी वजन, कागद, टाइप यातलं काहीच हाताला कळत नाही. म्हणजे भूल पाडणारा भाग समोर राहतो आणि उपयोगी माहिती गायब होते.

याचा फटका दोघांना बसतो. चित्रकारावर खर्च न परवडणाऱ्या लहान प्रकाशकाचं किंवा नव्या कवीचं पुस्तक स्क्रोल करताना मागे पडतं. आणि वाचकाच्या घरी कधीकधी असं पुस्तक येतं, जे फोटोत छान दिसतं पण हातात धरवत नाही.

जाडीही फसवू शकते. मोठा टाइप, रुंद समास आणि जाड कागद वापरला की तोच मजकूर कितीतरी जास्त पानं व्यापतो. फुटपाथवरच्या बनावट प्रतींचं मुखपृष्ठ तर अस्सल पुस्तकासारखंच असतं. आत मात्र पुसट छपाई किंवा गायब पानं निघू शकतात.

मग निवडायचं कसं?

मुखपृष्ठ आवडलं म्हणून पुस्तक उचलण्यात काहीच गैर नाही. मात्र विकत घेण्याआधी ही चार कामं करा:

- मलपृष्ठावरच्या स्तुतीपेक्षा मधलं कुठलंही एक पान वाचा. लेखकाची भाषा तिथे कळते.
- पुस्तक पूर्ण उघडून पाहा. ऑनलाइन घेत असाल तर पृष्ठसंख्या, आकार, बांधणी आणि नमुना पानं तपासा.
- हे पुस्तक कुठे वाचणार, हे आधी ठरवा. प्रवासासाठी आणि संग्रहासाठी वेगवेगळी आवृत्ती योग्य असू शकते.
- अधूनमधून ग्रंथालयात जाऊन साध्या बांधणीतलं, कधी नाव न ऐकलेलं एक पुस्तक घरी आणा. नाही आवडलं तर परत करता येतं, आणि आवडलं तर मुखपृष्ठाने कधीच दाखवला नसता असा एखादा लेखक सापडतो.