जूनटीन्थ : मुक्तिदिनाचे लोकोत्सव आणि सामूहिक स्मृती

प्रस्तावना

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचा अभ्यास सामान्यतः राष्ट्राध्यक्ष लिंकन, यादवी युद्ध आणि घटनादुरुस्ती यांच्या अनुषंगाने केला जातो. ज्यांना मुक्ती मिळाली त्यांनी ती घटना कशी जतन केली, या प्रश्नाकडे त्यामानाने कमी लक्ष दिले जाते. टेक्सास राज्यात १९ जून हा दिवस १८६६ पासून मुक्तिदिन म्हणून साजरा होत आला आहे. ‘जून’ व ‘नाइन्टीन्थ’ या दोन शब्दांच्या संयोगातून त्यास ‘जूनटीन्थ’ हे नाव पडले. शासनाच्या मान्यतेशिवाय शतकाहून अधिक काळ हा उत्सव कशाच्या बळावर टिकला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. तथापि तो केवळ बंडखोर राज्यांना लागू होता आणि तेथेही त्याची अंमलबजावणी संघराज्याच्या सैन्याच्या आगेकुचीवर अवलंबून होती. टेक्सास हे रणभूमीपासून दूर होते; त्यामुळे अनेक मळेमालकांनी आपले गुलाम तेथे हलविले. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली यांनी शरणागती पत्करल्यानंतरही टेक्सासमध्ये सुमारे अडीच लाख लोक गुलामीत होते. अखेर १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन येथे ‘सामान्य आदेश क्रमांक ३’ काढला. जाहीरनाम्यानंतरच्या अडीच वर्षांच्या विलंबाचे कारण केवळ वार्ता न पोहोचणे हे नव्हते. ती अमलात आणणारी सत्ता तेथे नव्हती, हे होते.

या आदेशाचे स्वरूप दुहेरी होते. त्याने सर्व गुलाम मुक्त झाल्याचे व पूर्वीचे मालक आणि गुलाम यांच्यात संपूर्ण समानता असल्याचे घोषित केले. त्याच वेळी मुक्त झालेल्यांनी आहे त्याच ठिकाणी शांतपणे राहून मजुरी करावी, असा सल्लाही दिला. त्यांना लष्करी ठाण्यांवर जमू दिले जाणार नाही आणि आळसात पोसले जाणार नाही, अशी ताकीदही त्यात होती. म्हणजे स्वातंत्र्य देणाऱ्या आदेशातच एकत्र येण्याविषयीचा संशय व्यक्त झाला होता. देशभर गुलामगिरी कायद्याने रद्द करणारी १३वी घटनादुरुस्ती त्यानंतर, डिसेंबर १८६५ मध्ये संमत झाली.

उत्सव आणि जमीन

या पार्श्वभूमीवर १८६६ पासूनच्या उत्सवांचे महत्त्व लक्षात येते. जाहीरनाम्याचे वाचन, प्रार्थना, सामुदायिक गायन, वृद्धांनी गुलामीतील आठवणी सांगणे, निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे सहभोजन, लाल रंगाची सरबते आणि बेसबॉलचे सामने असे त्यांचे स्वरूप होते. मात्र कृष्णवर्णीयांना सार्वजनिक जागा सहजी उपलब्ध होत नसत. त्यामुळे उत्सव नदीकाठी, चर्चच्या आवारात अथवा गावाबाहेर भरत.

या अडचणीवरील उपाय समाजानेच शोधला. १८७२ मध्ये ह्यूस्टन येथे रेव्हरंड जॅक येट्स, रिचर्ड ॲलन, रिचर्ड ब्रॉक व इलायस डिबल यांच्या पुढाकाराने दोन चर्चच्या लोकांनी निधी जमवून १० एकर जमीन विकत घेतली. तीच आजची ‘इमॅन्सिपेशन पार्क’ होय. येट्स हे स्वतः पूर्वी गुलाम होते. ज्यांची गणना सात वर्षांपूर्वी मालमत्तेत होत होती, त्यांनी सामूहिक मालकीची जमीन घ्यावी, ही घटना उत्सवाइतकीच बोलकी आहे. पुढे हे उद्यान नगरपालिकेकडे गेले. वर्णभेदाच्या काळात, १९२२ ते १९४० या वर्षांत, ह्यूस्टनमध्ये कृष्णवर्णीयांना खुले असलेले ते एकमेव सार्वजनिक उद्यान होते.

एक समकालीन संदर्भ

ह्यूस्टनमधील या खरेदीच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केलेला आहे. फुले यांनी मुक्तीसाठी झटणाऱ्यांचा गौरव केला. जूनटीन्थचा इतिहास त्याची दुसरी बाजू दाखवितो. मुक्त झालेल्यांनी ती मुक्ती स्वबळावर कशी राखली, हे त्यातून समजते.

ऱ्हास, पुनरुज्जीवन आणि मान्यता

विसाव्या शतकात शहरांकडील स्थलांतर, कारखान्यांतील रजेच्या अडचणी आणि वांशिक हिंसाचार यांमुळे उत्सवास ओहोटी लागली. १९३९ मध्ये १९ जूनच्याच दिवशी फोर्ट वर्थ येथे श्वेतवर्णीय जमावाने ओपल ली यांच्या कुटुंबाच्या घराची नासधूस केली. त्या वेळी त्या १२ वर्षांच्या होत्या. १९ जून १९६८ रोजी गरिबांच्या मोहिमेतर्फे वॉशिंग्टन येथे ‘एकजूट दिन’ पाळण्यात आला. तेथून परतलेल्यांनी हा उत्सव अन्य प्रांतांत नेला, असे मानले जाते. आमदार अल एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांनी टेक्सास विधिमंडळाने १९७९ मध्ये कायदा केला आणि १९८० पासून हा दिवस राज्याची सुटी ठरला. २०१६ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी ओपल ली यांनी राष्ट्रीय मान्यतेसाठी पदयात्रा आरंभली. विलंबाच्या अडीच वर्षांचे स्मरण म्हणून त्या ठिकठिकाणी अडीच मैल चालत. १७ जून २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या स्वाक्षरीने जूनटीन्थ ही संघराज्याची सुटी झाली.

समारोप

शासकीय मान्यतेपूर्वी सुमारे ११४ वर्षे हा दिवस वर्गणी, चर्च, स्थानिक समित्या व स्वतःची जमीन यांच्या आधारे जिवंत राहिला. मान्यतेमुळे त्यास प्रतिष्ठा लाभली, हे निर्विवाद आहे. परंतु सुटी कायद्याने देता येते. वृद्धांनी सांगावे व मुलांनी ऐकावे, यासाठी मात्र लोकांनाच एकत्र यावे लागते. जूनटीन्थची राष्ट्रीय सुटी या जुन्या परंपरेस पोषक ठरते की तिला केवळ विश्रांतीच्या दिवसाचे रूप देते, हे या स्थानिक संस्थांच्या टिकण्यावर अवलंबून राहील. म्हणूनच मुक्तीच्या इतिहासलेखनात आदेश व कायदे यांच्याबरोबरच उद्याने, वर्गण्या आणि सहभोजने यांचीही साधने म्हणून दखल घेणे आवश्यक ठरते.